‘न्यायमूर्ती’ रानडे यांचा निकाल कोणता?

काही माणसांच्या नावाला हुद्दा असा चिकटून बसतो की तो हुद्दा आहे हेच पुढे कोणाच्या लक्षात राहत नाही. ‘न्यायमूर्ती रानडे’ हे त्याचे ठळक उदाहरण. मागे एकदा, आम्हां दोघांपैकी एकाच्या एम.ए.च्या वर्गात रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक चालू असताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, रामशास्त्र्यांचा निकाल शाळेतल्या मुलालासुद्धा ठाऊक असतो. रानड्यांचा एखादा निकाल सांगा ना.” सर गप्प झाले. प्रार्थना समाज, सार्वजनिक सभा, सामाजिक परिषद, मराठ्यांच्या सत्तेच्या उदयाचा इतिहास, विधवाविवाहाचा वाद, हे सारे सांगता आले असते. निकाल मात्र एकही सांगता येईना. शिक्षकांच्या खोलीत हा प्रसंग ऐकल्यावर दुसऱ्यालाही तो सांगता आला नाही. मग आम्ही दोघेही त्या प्रश्नाच्या मागे लागलो. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

तिने रामशास्त्र्यांचे नाव घेतले हेही साहजिकच होते. न्यायाधीश म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते: 1773 सालचा नारायणरावांचा खून, त्याला देहान्त प्रायश्चित्तच आहे असे राघोबादादांना तोंडावर सांगणारा माहुलीचा शास्त्री, आणि पद सोडून पुण्याबाहेर पडलेली त्याची पाठमोरी मूर्ती. ‘रामशास्त्री बाणा’ हा शब्दप्रयोगच त्यातून रूढ झाला. खरा न्यायाधीश तो, जो वेळ आली की खुर्ची सोडतो, अशी आपली समजूत झाली आहे. पुढे नाना फडणिसांच्या कारभारात हेच रामशास्त्री पुन्हा न्यायाधीशाच्या पदावर आले आणि त्यांनी बरीच वर्षे काम केले, हा कथेचा उत्तरार्ध आपण सहसा सांगत नाही. सोडून जाण्यात नाट्य असते, परत येऊन कागद वाचीत बसण्यात ते नसते. रानडे तर कधी सोडूनच गेले नाहीत. त्यांच्याविषयी आदर पुष्कळ, पण गोष्ट नाही, याचे कारण आम्हांला येथे दिसते.

महादेव गोविंद रानडे यांचा जन्म 18 जानेवारी 1842 रोजी निफाडला झाला. वडील कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत असल्यामुळे बालपण कोल्हापुरात गेले. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा 1859 साली झाली, तीत उत्तीर्ण झालेल्या एकवीस जणांत ते होते. 1862 साली बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीत चौघे होते, त्यांतही ते होते, आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्यांचे सोबती होते. पुढे एम.ए. आणि 1866 साली एलएल.बी. अतिवाचनाने याच काळात डोळे बिघडले ते कायमचे. ज्या माणसाला पुढे तीस वर्षे फिर्यादीचे, खतांचे आणि जबान्यांचे कागद वाचायचे होते, त्याचे डोळे विद्यार्थिदशेतच अधू झाले होते, हे त्यांचे निकाल वाचताना सारखे आठवत राहते.

पदवीनंतरची पाच वर्षे अस्थिर गेली: सरकारी भाषांतरकाराची हंगामी जागा, अक्कलकोटचे कारभारीपण, कोल्हापूरची न्यायाधिशी, मग एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापन. शिवाय ‘इंदुप्रकाश’च्या इंग्रजी बाजूचे संपादन त्यांनी केलेले होतेच. 1871 साली ते अ‍ॅडव्होकेटची परीक्षा उत्तीर्ण झाले. येथे दोन वाटा फुटत होत्या. एक मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करण्याची. त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान असलेले काशिनाथ त्रिंबक तेलंग थोड्याच काळात त्या वाटेने गेले, आणि वकील असल्यामुळे राजकीय सभांच्या व्यासपीठावर उघडपणे बसू शकले. दुसरी वाट सरकारी न्यायखात्याची. रानडे त्या वाटेने गेले. मुंबईत मॅजिस्ट्रेटच्या व लघुवाद न्यायालयाच्या हंगामी जागांवर काही काळ काम करून 1871 च्या अखेरीस ते पुण्याला प्रथम वर्गाचे दुय्यम न्यायाधीश, म्हणजे त्या वेळच्या बोलीत फर्स्टक्लास सबजज्ज, म्हणून आले. 1873 मध्ये त्या जागेवर कायम झाले.

या ‘दुय्यम’ शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. पूर्वीचे मुन्सिफ, सदर अमीन वगैरे हुद्दे जाऊन 1869 च्या मुंबई दिवाणी न्यायालय कायद्याने दुय्यम न्यायाधीशांचे दोन वर्ग झाले होते. बहुतेक दिवाणी दाव्यांचा पहिला निर्णय यांच्यापुढे होई, आणि हे काम एतद्देशीयांच्या हाती होते. त्यांच्या वरची पायरी जिल्हा न्यायाधीशाची. ती 1861 च्या सिव्हिल सर्व्हिस कायद्याने सनदी नोकरांसाठी, म्हणजे जवळजवळ गोऱ्यांसाठीच, राखून ठेवलेली. त्याच वर्षीच्या उच्च न्यायालय कायद्यात मात्र एक खिडकी उघडी होती. उच्च न्यायालयात किमान एक तृतीयांश न्यायाधीश बॅरिस्टर आणि एक तृतीयांश सनदी नोकर असावेत. उरलेल्या जागांसाठी दहा वर्षे वकिली केलेला किंवा प्रिन्सिपल सदर अमीन अथवा लघुवाद न्यायालयाचा न्यायाधीश याहून कमी नाही अशा पदावर पाच वर्षे काढलेला मनुष्यही चालत असे. थोडक्यात, एतद्देशीय न्यायाधीशाला माडीवर जाता येत होते, पण जिन्याची मधली पायरी काढून घेतलेली होती. खालच्या पायरीवरून थेट वर उडी घ्यायची. ती उडी घ्यायला रानड्यांना बावीस वर्षे लागली.

त्या बावीस वर्षांतला पहिला भाग बहुतेक वाचकांना ठाऊक असतो, म्हणून आम्ही तो लवकर उरकतो. पुण्याला आले तेव्हा सार्वजनिक सभा वर्षा-दीड वर्षाची होती. गणेश वासुदेव जोशी हे तिचे हात होते आणि रानडे डोके झाले. दिवसा कोर्ट आणि सकाळ-संध्याकाळ सभा. 1878 पासून सभेच्या त्रैमासिकात जे लेख येऊ लागले त्यांतले कितीतरी त्यांचे, पण त्यांवर नाव नसे. सरकारी नोकराला नाव घालून सरकारच्या महसूलपद्धतीवर लिहिता येत नव्हते. पुढे काँग्रेसच्या अधिवेशनांनाही ते जात, परंतु प्रतिनिधी म्हणून नव्हे.

सरकारला हे सारे कळत नव्हते असे मुळीच नाही. 1878 मध्ये त्यांची नाशिकला बदली झाली. 1879 च्या मे महिन्यात पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा यांना आग लागली, तिकडे वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड चालू होते, आणि लगोलग रानड्यांना धुळ्याला जाण्याचा हुकूम आला. फडके पूर्वी पुण्यात रानड्यांची स्वदेशीवरील व्याख्याने ऐकत असत, एवढा धागा संशयाला पुरेसा होता. धुळ्यात त्यांची पत्रे फोडली जात. बंडवाल्यांच्या नावाने त्यांना पत्रे येऊ लागली, ती त्यांनी सरळ पोलिसांकडे पाठवून दिली. रमाबाईंनी हा काळ लिहिला आहे तो मुळातून वाचावा. आपल्या पतीचा उल्लेख त्या ‘स्वतः’ असा करतात, आणि त्या एका सर्वनामामुळे धुळ्याच्या त्या घरातला अबोल ताण जितका कळतो तितका कोणत्याही सरकारी दप्तरातून कळायचा नाही. ज्याच्या टपालावर सरकारची नजर आहे तोच मनुष्य सकाळी अकराला सरकारच्या नावाने न्याय द्यायला बसतो आहे. त्याने राजीनामा दिला नाही. आमच्यातला एक येथे रानड्यांवर रागावतो, दुसरा म्हणतो की राजीनामा दिला असता तर संशयच खरा ठरला असता. या मुद्द्यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.

खरे महत्त्वाचे काम यानंतर सुरू होते, आणि चरित्रांत त्याला दोन-चार वाक्यांपेक्षा जास्त जागा क्वचितच मिळते. 1875 च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खते आणि वह्या जाळल्या. दंगल पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरली, चौकशी आयोग नेमला गेला आणि त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. एरवी दिवाणी कोर्टाचे काम काय होते? सावकाराने खत पुढे ठेवायचे, कुणब्याने अंगठा आपला आहे असे म्हणायचे किंवा हजरच राहायचे नाही, आणि न्यायाधीशाने हुकूमनामा द्यायचा. कागद बरोबर असला की न्याय झाला. दंगलीत लोकांनी माणसे मारण्यापेक्षा कागद जाळले, त्याचे कारण हेच.

नव्या कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जायला सांगितले. देवघेव पहिल्यांदा केव्हा सुरू झाली, रोख किती हाती पडली, व्याज मुद्दलात मिळवून नवे खत किती वेळा लिहून घेतले, हे सगळे उकरून हिशेब नव्याने मांडायचा. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैद करायचे नाही. जमीन खास तारण लिहून दिलेली नसेल तर ती जप्त करून विकायची नाही. हप्ते बांधून द्यायचे. दहा रुपयांपर्यंतचे दावे गावातच ग्राममुन्सिफाने तोडायचे, आणि मोठे दावे कोर्टात येण्याआधी सलोखेदारापुढे जायचे. या साऱ्यावर देखरेख करायला एक खास न्यायाधीश आणि त्याचे सहायक. पुणे-साताऱ्याकडील सहायकाचे काम 1881 मध्ये रानड्यांकडे आले. 1884 मध्ये ते पुण्याच्या लघुवाद न्यायालयाचे न्यायाधीश झाले, 1885 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात नेमले गेले, 1886 मध्ये हिंदुस्थान सरकारच्या फायनान्स कमिटीवर गेले, आणि त्यानंतर डॉ. पोलन यांच्या जागी ते स्वतःच खास न्यायाधीश झाले. म्हणजे 1893 पर्यंतच्या बारा वर्षांतील मोठा काळ हा मनुष्य तालुक्या-तालुक्यांतून फिरत, सबजज्जांची दप्तरे तपासत होता. कोठे हिशेब खरोखर उकरला आणि कोठे पूर्वीसारखाच शिक्का मारला, हे पाहत होता.

आम्हांला वाटते, रानड्यांचे अर्थशास्त्र या फिरतीत घडले. 1898 मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या अर्थशास्त्रीय निबंधांत ते म्हणतात की इंग्लंडच्या अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना, सर्व काळी सारखे लागू पडत नाहीत. हे विधान जर्मन पंडितांच्या वाचनातून आले असे सांगण्याची पद्धत आहे. ते वाचन होतेच. पण करार म्हणजे दोन स्वतंत्र आणि सारख्या माणसांनी राजीखुशीने केलेली गोष्ट, हे गृहीतक खोटे आहे हे समजायला बर्लिनला जायची गरज नव्हती. सासवडच्या किंवा वाईच्या सबजज्जाच्या दप्तरातली एक वही पुरेशी होती. जमिनीच्या विक्रीच्या कायद्यावर आणि प्रशियातील जमीनसुधारणांवर त्यांनी सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकासाठी जे लिहिले, ते याच दृष्टीने वाचून पाहावे. निबंधकार आणि न्यायाधीश असे दोन रानडे आपण वेगवेगळ्या खात्यांत टाकले आहेत. अर्थशास्त्राचे प्राध्यापक एक वाचतात, दुसरा कोणीच वाचत नाही.

1 सप्टेंबर 1893 रोजी तेलंग वारले. अवघे त्रेचाळीस वर्षांचे होते. 1889 साली नानाभाई हरिदास यांच्या निधनानंतर ते उच्च न्यायालयात गेले होते, आणि आता त्यांच्या मृत्यूने ती जागा पुन्हा रिकामी झाली. नोव्हेंबर 1893 मध्ये रानडे तिच्यावर बसले. ज्येष्ठ माणूस धाकट्याच्या मृत्यूमुळे वर चढला. ‘न्यायमूर्ती’ ही पदवी, जी आपण त्यांच्या जन्मापासून असल्यासारखी वापरतो, ती त्यांना वयाच्या बावन्नाव्या वर्षी मिळाली आणि सात वर्षे पुरली.

आता त्या विद्यार्थिनीचा प्रश्न. उत्तरासाठी 1897 साली यावे लागते. त्याआधी दोन वर्षे पुण्यात काय झाले ते आठवावे. टिळकांच्या पक्षाने सार्वजनिक सभा ताब्यात घेतली, काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरू देण्यावरून रण माजले, आणि 1896 मध्ये रानड्यांनी आपली वेगळी डेक्कन सभा काढली. अशा स्थितीत 27 जुलै 1897 रोजी ‘केसरी’तील मजकुराबद्दल राजद्रोहाच्या आरोपाखाली टिळकांना अटक झाली. जामिनाचा अर्ज उच्च न्यायालयात आला तो पार्सन्स आणि रानडे यांच्यापुढे. तो नामंजूर झाला. प्रकरण सेशन्सकडे गेल्यावर, 4 ऑगस्टला, न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी जामीन दिला.

हे वाक्य लिहिताना आमचा हात थोडा अडखळतो. तय्यबजी काँग्रेसचे माजी अध्यक्ष, बॅरिस्टरीतून आलेले. रानडे बावीस वर्षे खालच्या कोर्टात काढून आलेले. खालून चढत आलेल्या न्यायाधीशाला हे अधिकार प्रथम खालच्या पायरीचे, असे वाटण्याची सवय लागते, असा एक बचाव करता येईल. टिळकांशी असलेल्या वैरामुळे त्यांनी अर्ज फेटाळला असे म्हणायला मात्र काहीच आधार नाही. तरीही राजकीय खटल्यात अटकेनंतरच्या पहिल्या आठवड्यात जामीन नाकारणे हे तय्यबजींच्या हुकुमाशेजारी ठेवले की फिके दिसते, आणि ते तसे दिसते हे मान्य केले पाहिजे. रानड्यांचे चाहते हा प्रसंग गाळतात आणि टिळकांचे चाहते तेवढाच सांगतात.

खटला सप्टेंबरात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे चालला. भारतीय दंडसंहितेच्या 124-अ कलमात ‘डिसअफेक्शन’ असा शब्द होता. स्ट्रॅचींनी ज्यूरीला त्याचा अर्थ सांगितला तो असा की डिसअफेक्शन म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव, आणि त्यात द्वेषापासून नावडीपर्यंत सर्व प्रकारचा दुर्भाव येतो. नऊ ज्यूररांपैकी सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी लोकांनी निर्दोष म्हटले. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

त्याच वर्षी त्याच कलमाखालचे दुसरे एक प्रकरण उच्च न्यायालयात आले. सातारा जिल्ह्यातील इस्लामपूरच्या ‘प्रतोद’ या पत्राचे. फॅरन, पार्सन्स आणि रानडे यांच्या पूर्ण पीठापुढे ते चालले. तिघांनीही दोष कायम ठेवला. पण रानड्यांनी त्या शब्दाचा जो अर्थ लावला तो स्ट्रॅचींपासून दूर जाणारा आहे. त्यांच्या मते डिसअफेक्शन म्हणजे प्रेमाचा किंवा सदिच्छेचा नुसता अभाव नव्हे. ती एक भावरूप, सक्रिय अशी विन्मुखता आहे, बेइमानीच्या जवळची, सत्तेला धुडकावून लावणारी. सरकारवर प्रेम नसणे हा गुन्हा नाही, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

आम्ही मराठीचे शिक्षक, म्हणून आम्हांला येथे व्याकरण आठवते. कायद्याच्या मराठी भाषांतरात या शब्दाला ‘अप्रीती’ हा प्रतिशब्द आहे. संस्कृत वैयाकरणांनी नञ् चे, म्हणजे या ‘अ’चे, सहा अर्थ सांगितले आहेत. ‘अभाव’ हा त्यांतला एक आणि ‘विरोध’ हा दुसरा. ‘अमित्र’ म्हणजे जो मित्र नाही असा कोणीही रस्त्यावरचा माणूस नव्हे. अमित्र म्हणजे शत्रू. ‘अधर्म’ म्हणजे धर्माचा अभाव नव्हे, धर्माच्या उलट असलेली गोष्ट. स्ट्रॅचींनी या ‘अ’चा अर्थ अभाव घेतला आणि रानड्यांनी विरोध घेतला. एवढ्याशा ‘अ’वर वर्तमानपत्रवाल्यांची तुरुंगाची वर्षे अवलंबून होती. एकेकाळी सरकारी भाषांतरकाराच्या जागेवर बसलेल्या माणसाला शब्दाचा हा भार कळला असणारच.

या अर्थाने ‘प्रतोद’कारांचे काही भले झाले नाही, हेही सांगितले पाहिजे. रानड्यांनी व्याख्या अरुंद केली आणि तरी आरोपी तिच्यात बसतो असेच म्हटले. 1898 मध्ये सरकारने कलमाचीच नवी रचना केली. डिसअफेक्शनमध्ये बेइमानी आणि शत्रुत्वाच्या सर्व भावना येतात, असे स्पष्टीकरण त्यात आले. पुढे 1962 साली केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाची व्याप्ती ठरवली तेव्हा जुन्या निकालांच्या छाननीत टिळकांच्या खटल्याशेजारी ‘प्रतोद’चा खटलाही होता. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम स्थगित ठेवले, आणि 1 जुलै 2024 पासून जुनी दंडसंहिताच गेली. तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या 152 व्या कलमात ‘डिसअफेक्शन’ हा शब्द नाही. तिथे दुसरे शब्द आहेत, आणि त्यांचेही अर्थ कोणीतरी लावणारच आहे.

तेव्हा, बाई, रानड्यांचा निकाल हा. त्याने कोणी सुटला नाही, आणि त्यावर नाटक लिहिता येणार नाही. जामीन नाकारणारा हात आणि ‘अभाव’ व ‘विरोध’ यांत रेघ ओढणारा हात एकच होता. खुर्ची सोडली असती तर पहिले झाले नसते, तसे दुसरेही झाले नसते.

16 जानेवारी 1901 रोजी, एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, रानडे मुंबईत वारले. ‘केसरी’त टिळकांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. थंड गोळा होऊन पडलेल्या महाराष्ट्रात ऊब आणण्याचे श्रेय त्यांनी त्यात रानड्यांना दिले. त्याच वर्षी नारायण गणेश चंदावरकर उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. थोड्याच दिवसांपूर्वी, डिसेंबर 1900 मध्ये, ते लाहोरला काँग्रेसचे अध्यक्ष होते. तेही एकेकाळी ‘इंदुप्रकाश’च्या इंग्रजी बाजूचे संपादक होते.